डॉक्टरीणबाई जर्मनीला निघाल्या

ते पाकीट त्सोन्काच्या हाती पडलं आणि तिथून सगळं बिघडत गेलं.

सकाळी नऊची वेळ. दवाखान्याच्या बाकावर अकरा माणसं बसलेली. पोस्टमनने जाड पांढरं पाकीट त्सोन्काच्या टेबलावर टाकलं. वर जर्मन तिकीट, जर्मन शिक्का आणि नाव डॉ. नेवेना पेयचेवा. पत्ता मात्र घरचा नव्हता, दवाखान्याचा होता. नोकरीचा अर्ज भरताना नेवेनाने पत्त्याच्या रकान्यात सवयीने दवाखाना लिहून टाकला होता. एकोणीस वर्षं ती सगळीकडे तोच पत्ता लिहीत आली होती.

त्सोन्का ही दवाखान्यातली नर्स. वय एकोणसाठ, निवृत्तीला एक वर्ष उरलेलं. तिने पाकीट उघडलं नाही. रक्तदाबाचं यंत्र ठेवायच्या ट्रेमध्ये ते ठेवलं, आत नेलं आणि नेवेनासमोर ट्रे टेकवला.

"कधी?"

"काय कधी?" नेवेनाने विचारलं.

"निघायचं कधी?"

नेवेनाला खोटं बोलता आलं असतं. गेले आठ महिने ती तेच करत होती. पण पाकिटाकडे बघून तिला एकदम कंटाळा आला. "सप्टेंबरच्या शेवटी," ती म्हणाली. "एक तारखेला तिथे हजर व्हायचंय."

त्सोन्काने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. ऑगस्टची सव्वीस तारीख होती.

"बरं, डॉक्टरीणबाई," ती म्हणाली. "पुढचा पेशंट पाठवू का तुमच्याकडे?"

'तुमच्याकडे' हा शब्द नेवेनाला बरोबर लागला. पेशंटसमोर त्सोन्का तिला डॉक्टरीणबाई म्हणायची, पण दोघीच असल्या की 'अगं नेवेना, जेवलीस का', 'नेवेना, तुझा चष्मा कुठे टाकलास'. आज खोलीत दोघीच होत्या. त्या दिवसापासून त्सोन्का तिला एकदाही अगं म्हणाली नाही.

बल्गेरियातल्या या व्रानी दोल गावात पूर्वी तीन डॉक्टर होते. एक म्हातारा होऊन गेला, दुसरा राजधानीत, सोफियाला जाऊन बसला. उरली नेवेना. पंपांचा कारखाना बंद पडल्यावर गावातली तरुण माणसंही गेली, मागे राहिले ते गुडघे, हृदयं आणि साखर. गाव आणि आसपासच्या पाच वाड्या मिळून एक हजार आठशे चाळीस माणसं तिच्या एकटीच्या नावावर होती. सहा वर्षांत तिने सलग चार दिवस सुट्टी घेतली नव्हती. नवरा लाचेझार कारखान्यात वीजतंत्री होता, दोन वर्षांपूर्वी तो जर्मनीच्या झाक्सन प्रांतातल्या एका छोट्या गावी कामाला गेला. नेवेना मागे राहिली ती अंथरुणाला खिळलेल्या आईसाठी. जानेवारीत आई गेली. तिला पुरून आल्यावर चौथ्या दिवशी नेवेनाने जर्मनचं पुस्तक उघडलं.

अभ्यासाला तिच्याकडे एकच वेळ होता, दुपारी एक ते दोन. दार लावून ती शब्द पाठ करायची. "डोकं दुखतंय, तासभर कुणाला आत सोडू नका," असं त्सोन्काला सांगायची. जूनमध्ये परीक्षेसाठी सोफियाला गेली तेव्हा डोळे तपासायला जाते म्हणाली. त्सोन्काने एकदाही उलट प्रश्न केला नाही.

आता दुपारपर्यंत गावाला कळलं. त्सोन्का कुणाला बोलली की पोस्टमनने सांगितलं, हे नेवेनाला कधीच समजलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बेकरीत गेली. काउंटरवर झ्लातिना होती. तिच्या दोन्ही मुलांच्या गोवर-कांजिण्या नेवेनाने काढलेल्या. काचेमागे चीज भरलेल्या ताज्या बानित्साचं अख्खं ताट वाफाळत होतं.

"दोन दे," नेवेना म्हणाली.

"संपली," झ्लातिना म्हणाली.

"आणि हे काय आहे?"

"हे इथे राहणाऱ्यांसाठी आहे."

मागे उभ्या असलेल्या बायका हसल्या नाहीत. नेवेना रिकाम्या हाताने बाहेर आली, आणि त्यानंतर निघेपर्यंत तिने बेकरीत पाय ठेवला नाही.

दवाखान्यात गर्दी दुप्पट झाली. जो येईल त्याला वर्षभराची औषधं लिहून हवी होती. वर्षभराची लिहिता येत नाहीत, असं ती पंचवीस वेळा सांगायची, आणि पंचवीस जण पंचवीस तऱ्हेने तिचा उद्धार करायचे. व्हल्चो नावाचे ऐंशीच्या पुढचे आजोबा काठी दोन्ही गुडघ्यांत धरून समोर बसले आणि म्हणाले, "मला एक सांग पोरी. जर्मनांचे स्वतःचे डॉक्टर कुठे गेले?"

"स्वित्झर्लंडला," नेवेना म्हणाली. "तिथे त्यांना जास्त चांगलं वाटतं."

"आणि स्वित्झर्लंडवाल्यांचे?"

"मला नाही माहीत, आजोबा. बाही वर करा."

"म्हणजे सगळे एकेक घर पुढे सरकतायत, आणि शेवटच्या घरात आम्ही," म्हाताऱ्याने बाही वर केली. "तुला शिकवलं ते आमच्या या सरकारने. जर्मनांनी नाही."

"एकोणीस वर्षं फेडलं की ते."

"मी मरेपर्यंत फेडलं असतंस तर फिटलं असतं," व्हल्चो म्हणाले. "फार दिवस लागले नसते."

लाचेझार रोज संध्याकाळी फोनवर कामं सांगायचा. पदवीच्या भाषांतरावर शिक्का मारून घे. वर्तणुकीचा दाखला तीन महिन्यांपेक्षा जुना चालत नाही, नवा काढ. पाण्याच्या नळ्या निघायच्या आदल्या दिवशी रिकाम्या कर, नाहीतर थंडीत फुटतील. घराच्या मागे हिवाळ्यासाठी आणलेली सरपणाची रास आहे, ती कुणाला तरी देऊन टाक.

"कुणी घेत नाही," नेवेना म्हणाली.

"फुकट देतेस तरी?"

"फुकट देते म्हणूनच घेत नाहीत."

तिकडून बघताना त्याला हे सगळं सोपं वाटायचं. तो गेला तेव्हा लोकांनी त्याला घरच्या भट्टीची राकिया पाजून निरोप दिला होता. वीजतंत्री गेला तर दिवे दुसरा कुणीतरी लावतो.

सोबत न्यायच्या मांजराचं काम सगळ्यांत लवकर करायला हवं होतं, कारण लस टोचल्यावर प्रवासाआधी एकवीस दिवस थांबावं लागतं. शेजारच्या गावातला जनावरांचा डॉक्टर तिच्या ओळखीचा. त्याची आईसुद्धा नेवेनाचीच पेशंट. त्याने मांजराला मानेला धरून टेबलावर ठेवलं, सुई टोचली, निळ्या पुस्तिकेत मांजराचं नाव, रंग, जन्मसाल लिहिलं आणि शिक्का आपटला.

"मजाच आहे," तो म्हणाला. "मांजराला पासपोर्ट मिळतो आणि माझ्या आईला डॉक्टर मिळत नाही."

"तुझ्या आईची कागदपत्रं मी क्रमाने लावून ठेवलीत. नव्या डॉक्टरांना सगळं समजेल."

"कुठले नवे डॉक्टर? तो शहरातला, आता फक्त मंगळवारी दोन तास येणार आहे तो? मंगळवारीच आजारी पडायचं असं सांगतो मी आईला."

नेवेनाने पिंजरा उचलला. दारापर्यंत तिला सोडायला तो आला नाही.

खरी अडचण दवाखान्याच्या जागेची होती. इमारत नगरपालिकेची. जागा रिकामी करून सामान यादीबरहुकूम परत दिलं, असा कागद मिळाल्याशिवाय तिचा करार सुटत नव्हता, आणि करार सुटल्याचा दाखला जर्मनांना पाठवायचा होता. ती नगराध्यक्ष माइनोव्हकडे गेली. माइनोव्ह धिप्पाड माणूस, चेहरा कायम तांबडा. त्याने तिला बसायला सांगितलं नाही.

"सामान तपासणारी समिती महिन्यातून एकदा बसते," तो म्हणाला. "या महिन्याची बसून झाली."

"मग मी चाव्या तुमच्या टेबलावर ठेवून जाईन."

"जा की. पाठोपाठ माझं पत्र जाईल तिकडे, बाईने सरकारी मालमत्ता वाऱ्यावर टाकली आणि पळून आली म्हणून. जर्मनांना शिस्त फार आवडते म्हणतात."

"माइनोव्ह, गेल्या हिवाळ्यात तुमच्या छातीत दुखलं तेव्हा मी बर्फातून चालत आले होते."

"आलात. आणि आता कोण येणार? सांगा ना, नाव सांगा." त्याने टेबलावर मूठ आपटली नाही, नुसती ठेवली. "वर्तमानपत्रात जाहिरात दिली मी. दोनदा दिली. एक फोन आला, तोही चुकीचा लागलेला. पुढच्या वर्षी निवडणूक आहे, आणि लोक मला विचारणार, बाई कशी जाऊ दिलीस."

ती वळली, तसा तो मागून म्हणाला, "थांबा." त्याने कोट काढला, शर्टाची बाही दुमडली आणि दंड टेबलावर पसरला. तोंड खिडकीकडे.

नेवेनाने पिशवीतून यंत्र काढलं. वरचा आकडा एकशे ऐंशी निघाला. तिने गोळी बदलली, चिठ्ठी लिहिली आणि मीठ कमी करा म्हणून सांगितलं, जे ती त्याला दहा वर्षं सांगत होती. त्याने चिठ्ठी खिशात घातली. दोघांपैकी कुणीही आभार मानले नाहीत. दोन दिवसांनी निरोप आला की समिती चौदा तारखेला येईल.

समिती म्हणजे नगरपालिकेचा एक कारकून, एक हिशेबनीस बाई, आणि दवाखान्याच्या बाजूने त्सोन्का. कारकुनाच्या हातात फार वर्षांपूर्वीची टाइप केलेली यादी होती. खुर्च्या आठ, त्यांतली एक पाठ मोडलेली. औषधांचं कपाट एक. तपासणीचं टेबल एक. उकळण्याचं भांडं एक. तो वाचत होता, त्सोन्का बोट दाखवत होती, हिशेबनीस बाई खूण करत होती. नेवेना खिडकीला टेकून उभी होती. तिला कुणी काही विचारलं नाही.

"तान्ह्या बाळांचा वजनकाटा, एक," कारकून म्हणाला.

काटा नव्हता. त्याने कपाटामागे पाहिलं, टेबलाखाली पाहिलं.

"मला काय बघता," त्सोन्का म्हणाली. "डॉक्टरीणबाईंना विचारा. सामानात बांधला असेल. जर्मनांची बाळं जोखायला."

कारकून खुसखुसला. आणि एकोणीस वर्षांत जे कधी झालं नव्हतं ते तेव्हा झालं. नेवेनाचा तोल गेला. आवाज चढला नाही, उलट अगदी खाली आला.

"काटा तुमच्या घरी आहे, त्सोन्काताई," ती म्हणाली. "तुमची नात गालिना तान्ही होती तेव्हा तुम्ही नेलात. मग गालिनाला घेऊन तुमची मुलगी स्पेनला निघून गेली, आणि काटा तिथेच राहिला. बारा वर्षं झाली. मी कधी मागितला नाही."

हिशेबनीस बाईने पेन खाली ठेवलं. त्सोन्काची मुलगी गेली हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्सोन्कासमोर तो विषय कुणी काढत नसे. गेल्या सहा वर्षांत ती पोरगी एकदाही आली नव्हती. फोनवर नात आता बल्गेरियन नीट बोलत नाही, हे त्सोन्काने एकट्या नेवेनाला सांगितलं होतं, तेही रडत.

त्सोन्का पांढरीफटक पडली. तिने अंगातला पांढरा कोट काढला, चौघडी घातली आणि तपासणीच्या टेबलावर ठेवला.

"हाही लिहा यादीत," ती कारकुनाला म्हणाली. "कोट, एक." आणि ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. आणि मग नेवेनाला कळलं की हा दवाखाना कुणाच्या जिवावर चालत होता. रांगेत भांडणं लागली. पट्टी बदलायला आलेली म्हातारी दोन तास बसून शिव्या देत परत गेली. पण त्याहून मोठी पंचाईत फायलींची. मंगळवारी येणार होते त्या डॉक्टरांनी सगळ्या पेशंटांची नावं अक्षरक्रमाने वीस तारखेपर्यंत मागितली होती. आणि त्सोन्काने फायली अक्षराने लावल्याच नव्हत्या. तिने त्या गल्लीने लावल्या होत्या, चौकातल्या हौदापासून वर चढत, घरामागून घर. लग्न होऊन वरच्या आळीत गेलेल्या मुलीची फाइल आईच्या फायलीच्या पोटात. एकाच नावाचे तिघे असतील तर कोपऱ्यात पेन्सिलीने खूण: 'लंगडा', 'मधमाश्यांवाला', 'हिची सासू वाईट'. त्सोन्काला डोळे मिटून कुठलीही फाइल सापडायची. नेवेनाला उघड्या डोळ्यांनी सापडेना.

ती जमिनीवर बसून ढीग करत राहिली. अठरा तारखेला तिचे ढीग आदल्या दिवसापेक्षा जास्त विस्कटलेले होते. दुपारी तिने दवाखान्याला कुलूप लावलं आणि त्सोन्काच्या घरी गेली.

गावभर भाजलेल्या मिरच्यांचा वास पसरला होता. हिवाळ्याच्या साठवणीसाठी त्या आठवड्यात प्रत्येक अंगणात हेच चाललं होतं. त्सोन्काही अंगणात होती. पत्र्याचं गोल भाजणं ती हाताने फिरवत होती आणि लाल मिरच्यांची साल फुटून काळी होत होती. नेवेना फाटकातून आत आली तरी तिचा हात थांबला नाही. बाकावर जागा होती. बस म्हणाली नाही.

"मी त्या दिवशी बोलले ते चुकलं," नेवेना उभ्यानेच म्हणाली.

"चुकलं नाही. खरं होतं."

"लोकांसमोर बोलायला नको होतं."

"ते आता तुमच्या तोंडात नाहीये, त्या कारकुनाच्या पोटात गेलंय. तो आयुष्यभर चघळेल." त्सोन्काने भाजणं उघडलं, चिमट्याने मिरच्या पातेल्यात टाकल्या, वर झाकण दाबलं. "काटा तिथे आहे. पुसून ठेवलाय. न्या आणि तुमचा कागद पुरा करा."

काटा बाकाच्या टोकाला होता. त्याच्या पांढऱ्या पारड्यात तांबूस डाग होते, पुसूनही न गेलेले. बारा वर्षं त्सोन्का त्यावर मिरच्या जोखत होती.

नेवेनाने काटा उचलला नाही. "तुम्ही एवढ्या का चिडलात ते मला कळतं," ती म्हणाली. "मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं."

तेव्हा त्सोन्काने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं.

"तुला काही कळत नाही," ती म्हणाली. रागाच्या भरात अगंतुगं परत आलं होतं, पण त्यात माया नव्हती. "तुझी आई गेली. तू रोज दुपारी दार लावून घ्यायचीस. मी दाराला कान लावला नाही कधी, मला वाटलं पोरगी रडत असेल. लोक म्हणायचे आत सोड, मी म्हणायचे, बाईंना अर्धशिशी आहे, बाई आजारी आहेत, त्यांना छळू नका. मितकोची बायको पोर कडेवर घेऊन भर पावसात उभी राहिली, तिलाही मी नाही सोडलं. शिव्या मी खाल्ल्या. रोज दोन वाजता लिंडनच्या फुलांचा चहा करून आणायचे, मध घालून. आठ महिने. आणि तू आत बसून जर्मन पाठ करत होतीस."

चहा नेवेना रोज प्यायली होती.

"डोळे तपासायला सोफियाला जाते म्हणालीस. मी दोन दिवस काळजीत. साखरेने डोळे गेले की काय हिचे, अजून पन्नाशीही नाही. चर्चमध्ये जाऊन मेणबत्ती लावली मी तुझ्या डोळ्यांसाठी."

"सांगितलं असतं तर तुम्ही मला जाऊ दिलं नसतं."

"नसतंच दिलं," त्सोन्का म्हणाली. "भांडले असते. हात धरला असता. तेवढा तरी हक्क होता माझा. पोरगी गेली तेव्हा मी बसस्टँडवर उभी राहून हात हलवला होता, शहाण्यासारखा. दुसऱ्यांदा मला शहाणं व्हायचं नव्हतं."

शेजारच्या अंगणात कुणीतरी रेडिओ बंद केला. ऐकायचं असावं.

"मला इथे जगवत नाही, त्सोन्काताई," नेवेना म्हणाली. "एकटीने नाही होत. मेच्या शेवटी मी एका माणसाला चुकीची गोळी लिहिली. औषधाच्या दुकानात त्यांच्या लक्षात आलं म्हणून वाचला. मला त्याचं नावसुद्धा आठवत नाही. इतकी दमलेय मी."

त्सोन्काने पुढच्या मिरच्या भाजणात भरल्या. बराच वेळ ती फिरवत राहिली. मग म्हणाली, "फायलींचा विचका केलात म्हणे. झाडूवाली सांगत होती, बाई जमिनीवर बसून रडतायत."

"रडत नव्हते."

"मग रडायला हवं होतं." पुन्हा अहोजाहो आलं होतं. "उद्या येते मी. पेशंटांसाठी येते. तुमच्यासाठी नाही. माझ्याशी बोलायचं नाही, चहा विचारायचा नाही. काटा घ्या आणि फाटक नीट लावा, कोंबड्या बाहेर जातात."

ती आली. पांढरा कोट न घालता, घरच्या स्वेटरमध्ये. दोन दिवसांत तिने एक हजार आठशे चाळीस फायली अक्षरांनी लावल्या आणि नवी यादी स्वतःच्या गोल अक्षरात लिहून काढली. नेवेना तपासत होती, पेशंट आत-बाहेर करत होते, दोघींमध्ये 'ही कुठली' आणि 'ती द्या' याच्यापलीकडे शब्द झाला नाही. वीस तारखेला संध्याकाळी शेवटचा खोका बांधला. कारकून येऊन काट्यासमोर खूण करून गेला, पारड्यातल्या डागांबद्दल त्याने विचारलं नाही. माइनोव्हने कागदावर सही केली आणि कागद स्वतः न देता शिपायाच्या हाती पाठवला.

"त्सोन्काताई," नेवेना दारात म्हणाली, "शनिवारी सकाळी निघतोय आम्ही."

"शनिवारी मला बाजार आहे," त्सोन्का म्हणाली आणि चावी खिळ्याला अडकवली.

शुक्रवारी लाचेझार भाड्याची व्हॅन घेऊन आला. दोघांनी मिळून शिलाई मशीन, पुस्तकं, आईचा कपबशांचा संच आणि लोकरीच्या रजया भरल्या. नळ्या रिकाम्या केल्या, फ्रिजचं दार काठी लावून उघडं ठेवलं, खिडक्यांना फळ्या ठोकल्या. सरपणाची रास तशीच राहिली. आईच्या थडग्यावर दिवा लावायला शेजारणीला सांगायचं नेवेनाच्या मनात होतं. ती कुंपणाशी गेली तशी शेजारीण आत गेली आणि तिने दार लावलं.

शनिवारी सकाळी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, पण दोन्ही बाजूंचे पडदे हलत होते. व्हॅन कोपऱ्यावर वळली तर मधोमध व्हल्चो आजोबा. काठी टेकून उभे. लाचेझारने हॉर्न दिला. आजोबा हलले नाहीत. लाचेझार शिवी देणार होता, नेवेनाने त्याचा हात दाबला आणि काच खाली केली.

"काय हवं आजोबा?"

"काही नको. चेहरा बघायला आलो. जाणाऱ्या माणसाचा चेहरा कसा असतो ते." त्यांनी निरखून पाहिलं. "जा. पण एक लक्षात ठेव. मी मेलो तर तुला कुणी कळवणार नाही. मी सांगून ठेवलंय सगळ्यांना."

ते बाजूला झाले, पण इतक्या सावकाश की मागे दुधाची गाडी येऊन थांबली. मांजर पिंजऱ्यात ओरडत होतं. सरहद्दीवरचा डॅन्यूबचा पूल ओलांडल्यावर लाचेझार म्हणाला, "सुटलो." नेवेनाने काच वर केली.

जर्मनीतलं गाव व्रानी दोलएवढंच होतं, फक्त रस्ते धड होते. दवाखान्यात हायके नावाची मदतनीस होती, वक्तशीर आणि थोडी तुटक. पहिल्या आठवड्यात दोन म्हाताऱ्यांनी नेवेनाचं बोलणं कळत नाही म्हणून तक्रार केली. एकाने तोंडावरच विचारलं, तुम्ही किती दिवस टिकणार, आधीचा दीड वर्षात पळाला. नेवेनाने पाठ केलेलं वाक्य म्हटलं आणि त्याच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला.

ऑक्टोबरच्या मध्यावर ती एका नव्या पेशंटची नोंद करत होती. रकाना आला: कुठलं औषध सोसत नाही. पेशंटने सांगितलं, पेनिसिलिन. नेवेनाने ते लिहिलं आणि तिचा हात तिथेच थांबला.

इलिन. व्रानी दोलच्या लाकडाच्या वखारीतला. सात वर्षांपूर्वी रानात त्याचा पाय कापला, तिने तिथेच इंजेक्शन दिलं, आणि दोन मिनिटांत तो सुजून निळा पडला. कसाबसा वाचवला. परत आल्यावर लिहिते म्हणाली होती, आणि त्या दिवशी दवाखान्यात तीस माणसं बसलेली होती. तिने कधीच लिहिलं नाही. हे तिच्याशिवाय फक्त इलिनला माहीत, आणि इलिन शुद्धीत असेल तरच सांगू शकणार.

पेशंट बाहेर गेल्यावर तिने फोन लावला. मंगळवारच होता. बरीच रिंग वाजली.

"व्रानी दोल दवाखाना," पलीकडे त्सोन्का.

"त्सोन्काताई, मी नेवेना."

मागे माणसांचा कलकलाट ऐकू येत होता, कुणाचं तरी मूल खोकत होतं.

"बोला," त्सोन्का शेवटी म्हणाली. "काम काय?"

"इलिनला पेनिसिलिन चालत नाही. मी फायलीत लिहायची राहिले. त्याला दिलं तर तो मरेल."

"कुठला इलिन? पुलाजवळचा की वखारीतला?"

"वखारीतला."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला, कपाट उघडल्याचा, मग कागदांची सळसळ. नेवेना वाट बघत राहिली. पेन कागदावर घासल्याचं तिला ऐकू आलं, किंवा तसं वाटलं.

"लिहिलं," त्सोन्का म्हणाली. "वरती, मोठ्या अक्षरात. अजून कुणाचं राहिलंय?"

"मला वाटतं नाही."

"वाटून उपयोग नाही. नीट आठवून बघा. आठवलं तर मंगळवारी फोन करा, दहाच्या आधी. दहानंतर रांग असते."

"तुम्ही कशा आहात?"

"रांग आहे, डॉक्टरीणबाई," त्सोन्का म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

हायके दारात उभी होती. तिने विचारलं, घरून काही वाईट बातमी आहे का. नेवेना म्हणाली, नाही, एक नोंद करायची राहिली होती, ती केली. हायकेला नोंद समजली नाही, की नेवेनाचं जर्मन समजलं नाही, कोण जाणे. तिने खांदे उडवले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.